मामांनी टिपलेला रस्ता

“मामांचे फोटो एकजात धूसर?” आरोग्य केंद्राचे डॉक्टर म्हणाले. “हे लावणार तुम्ही?”

“सगळेच धूसर, म्हणजे मुद्दाम काढलेत.” संशोधक बाईंनी त्यांतला शेवटचा फोटो भिंतीवर टाचला.

आरोग्य केंद्राची गाडी चालू ठेवायची की मोडीत काढायची, हे आज मोठे साहेब ठरवणार होते. गाडी गेली की वस्तीतल्या गरोदर बायकांनी दवाखाना चालत गाठायचा. म्हणून बाईंनी आपल्या संशोधनात वस्तीच्याच हाती कॅमेरे दिले होते. तब्येतीच्या आड जे येतं, त्याचा फोटो काढा. कॅमेरे दानातले, जुने. पुढचं कडं हातानं फिरवायचं, स्पष्ट दिसलं की बटण दाबायचं. शिंपिणीनं तुंबलेलं गटार काढलं, शाळेच्या शिपायानं कोरडा नळ. लख्ख आले. गाडीच्या ड्रायव्हरमामांनी नुसता रस्ता काढला.

चौकटीला हात लावत मामा आत आले. “गाडी पुसून ठेवलीय, बाई.”

“आणि तो नवा ओरखडा?”

“खांब मध्ये आला.”

“शिबिरापासून गाडीची पार रया गेली,” डॉक्टर म्हणाले.

“डोळ्यांची शिबिरं तुम्ही घेता, दिवसभर म्हातारी माणसं मी वाहतो. गाडी दमणारच की.”

साहेब आले. गटारापाशी हळहळले, नळापाशी मान हलवली, रस्त्यापाशी थबकले.

“ही धूसरता म्हणजे अनिश्चितता, सर,” बाई घाईनं म्हणाल्या. “आपण पोचू की नाही, हे आजारी माणसाला ठाऊक नसतं. ते यात आलंय.” हे वाक्य त्यांना सकाळी चहा गाळताना सुचलं होतं. दुपारपर्यंत त्यांचा त्यावर विश्वासही बसला होता.

साहेबांना कलेतलं कळत नव्हतं. ते कुणाला कळू नये, एवढं मात्र कळत होतं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

“विलक्षण,” ते म्हणाले, आणि गाडी चालू ठेवण्याच्या कागदावर तिथल्या तिथे सही केली. बाईंचा जीव भांड्यात पडला.

निघताना साहेबांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. “मामा, रस्ता असा धूसर दाखवायचं सुचलं कसं तुम्हाला?”

मामा फोटोला नाक टेकेल इतके जवळ गेले. बराच वेळ पाहत राहिले.

“धूसर कुठंय, साहेब? हुबेहूब आलाय की. गाडीतून रोज असाच तर दिसतो. चला, बसा, सोडतो तुम्हाला.”