शेवाळाची बाजू वर

कपारीतून पेट्रोलचा वास आला आणि रॉस जागीच थबकला.

ऑक्टोबरचं ऊन कातळावर पसरलं होतं. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरातले शेपटीचा खुळखुळा वाजवणारे साप थंडीसाठी आत शिरण्याआधी याच दिवसांत इथे ऊन खात पडलेले असत. आज एकही नव्हता. वडिलांच्या वेळची ती जाडजूड काळी मादीसुद्धा नाही. कुणीतरी पेट्रोल ओतून सगळ्यांना बाहेर काढलं होतं आणि पोत्यात भरून विकायला नेलं होतं.

ही जागा वडिलांनी जाण्यापूर्वी एकट्या रॉसला दाखवली होती. रॉसने ती लहानपणीच्या मित्राला, डेलला दाखवली. आणि गेल्या पानगळीत टेरीला. मोबाइल गाडीत ठेवायचे, फोटो काढायचा नाही, बायकोलाही सांगायचं नाही, हा नेम.

"तरी मी सांगत होतो, याला आणू नकोस," डेल म्हणाला. "चार दिवसांची ओळख, आणि नेऊन थेट माजघरात बसवलंस."

टेरीचा चेहरा उतरला. "मी कुणाकडे एक शब्द काढला नाही, रॉस."

"चोर कधी हो म्हणतो का?" डेल म्हणाला.

रॉसलाही आधी टेरीचाच संशय आला होता. सकाळपासून हा बाबा वाटेतले दगड उचलून खाली डोकावत होता आणि तसेच पालथे टाकून पुढे जात होता. रॉसने त्याला दोनदा झापलं. वडिलांची शिकवण होती, कुणाचं छप्पर उचललंस तर होतं तसं ठेवायचं, शेवाळाची बाजू वर. टेरीच्या डोक्यात ते शिरेल तर शपथ. डेलला मात्र एकदाच सांगावं लागलं होतं, शाळेत असताना.

रॉस खाली बसला. निदान चोरांनी उलथलेले दगड तरी नीट करावेत, म्हणून. कपारीपुढचे सगळे दगड हलवलेले दिसत होते, कडेची माती भुसभुशीत झाली होती. त्याने एका दगडावर हात ठेवला. मग शेजारच्या. मग त्याच्या पलीकडच्या. प्रत्येक दगड जागच्या जागी होता. प्रत्येकाचं शेवाळ वर होतं.

मागे डेल अजून टेरीला फैलावर घेत होता.

रॉसने मान वर केली नाही.

"दगड तरी पालथे टाकून जायचं होतंस, डेल."