पहिली मूठ

"शेतात ओल पुरेशी आहे. ज्वारी उद्या सूर्यास्तापर्यंत पेरा, नंतर उगवण निम्म्यावर येईल," फोनमधला आवाज म्हणाला. उपग्रहांची चित्रे वाचून सल्ला देणाऱ्या यंत्रबुद्धीचा तो आवाज. पण वस्तीची लुओ भाषा तो अशी बोलायचा, जणू याच सरोवराकाठी वाढला होता.

"थोरलीनं अजून पेरलं नाही," अविनो म्हणाली. "तिच्याआधी मी कशी पेरू?"

"शेजारच्या शेताचा तुमच्या उगवणीवर परिणाम होणार नाही."

"शेजारीण नाही रे मुडद्या, सवत आहे माझी!"

दोघींचा नवरा ओबुरा. त्याच्या वस्तीत पेरणीची पहिली मूठ थोरल्या बायकोची. तीही नवरा आदल्या रात्री तिच्या घरी निजला तरच. रीत मोडली की घरावर शाप. एरवी ओबुरा अविनोकडेच असे. पेरणीआधीच्या रात्रीपुरता थोरलीचा. यंदा गुडघ्यांचे निमित्त करून त्याने तेवढेही टाळले होते.

अविनोने त्याची चटई गुंडाळली, अंगण ओलांडले आणि ती थोरलीच्या दारात आपटली.

"मिकायी," थोरलीला मानाने म्हणायचे ते तसे, "आज रात्री त्यांना पाठवते. पहाटे तुम्ही पेरा, मागनं मी. फोन म्हणतोय, उद्याचाच दिवस आहे."

थोरली सुके मासे निवडत होती. "आता कुठं निजायचं तेही फोन सांगणार?"

"त्याला काय कळतंय! मी सांगतेय."

"तू पाठवणार. माझ्या घरी. माझा नवरा."

अविनोची मान खाली गेली. "पोरं काय खातील, मिकायी?"

थोरली उठली. पायाने तिने चटई अंगणातल्या चिखलात लोटली, बियाणे भरलेला सुका भोपळा काखेत घेतला, कुदळ उचलली. आंब्याखाली पहुडलेला ओबुरा धडपडत उठला.

"अगं, रात्र तरी होऊ दे!"

"नको. तुमचे गुडघे दुखतील."

शेतात तिचा पहिला घाव इतका खोल गेला, की काळी माती तिच्या छातीपर्यंत उडाली. तिने खळग्यात दाणे टाकले आणि टाचेने, सावकाश, काहीतरी जिवंत दडपत असल्यासारखी, माती दाबली. नवरा घरी निजल्यावाचून या वस्तीत कुठल्याच बाईने पहिली मूठ पेरली नव्हती.

बांधावर अविनो मुठीत बी घेऊन थिजली होती.

"पेर की आता," थोरली वर न पाहता म्हणाली. "शाप विचारत आला, तर धनी कुठं निजतात ते सांगेन मी त्याला."