तंजावरच्या आजी

चेन्नईचा समुद्र झाला, केळीच्या पानावरचा सांबारभात झाला, तंजावरच्या मोठ्या देवळापुढं मान मोडेपर्यंत वर बघून झालं. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं भाऊबंदांच्या घराचा पत्ता काढला, तेव्हा मालन कुरकुरलीच. "दहा पिढ्यांपूर्वी वाई सोडून आलेली माणसं. त्यांच्याशी बोलायचं तरी काय, आणि कुठल्या भाषेत?"

दार उघडणाऱ्या बाईंनी हसून आत नेलं. झोपाळ्यावर नव्वदीच्या आजी बसल्या होत्या. "आत्याबाई, वाईहून पाहुणे आलेत," त्या बाई आजींच्या कानाशी म्हणाल्या, चक्क मराठीत.

आजी थरथरत उठल्या. त्यांनी मालनचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "किती वर्षं लावलीत गं यायला!" हेल तमिळ होता, शब्द मात्र आपलेच.

मालनच्या अंगावर काटा आला. "तुम्ही वाईला आला होतात कधी?"

"मी? कावेरी ओलांडून कुठं गेलेच नाही. माझ्या सासूबाईसुद्धा नाही गेल्या." मग मालनला जवळ बसवून, माहेरची खुशाली विचारावी तसं त्यांनी विचारलं, "आपल्या कृष्णेला पाणी आहे ना गं?"

"भरपूर आहे, आजी," एवढंच मालनला बोलता आलं.