दुधीचा सत्कार

अंबरीशने सूटकेस उघडून पहिली शाल बाहेर काढली, तेव्हाच शशीच्या पोटात दुखायला लागलं.

मे अर्धा सरला होता आणि रात्री दव गोठून फ्रॉस्ट पडणार म्हणून फोन सकाळपासून बोंबलत होता. लंडनमधल्या स्टॅनमोरच्या अलॉटमेंटवर, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या भाजीच्या वाफ्यांवर, ऊन कलायच्या आत जो तो आपापली रोपं झाकत होता. कोवळ्या वेलाला एकदा फ्रॉस्ट लागला की सकाळी त्याची उकडलेली पालेभाजी झालेली असते. खरं तर जून लागेपर्यंत दुधी-दोडका घराबाहेर काढूच नये. पण अंबरीशने लावला म्हणून शशीने लावला, आणि शशी लावणार ही कुणकुण लागली म्हणून अंबरीशने आधीच लावला होता. आता दुकानांमधलं झाडांवर घालायचं कापड संपलं होतं. मंडळाच्या पाडव्याला उरलेले चहाचे कागदी कप शशी आपल्या टोमॅटोंवर पालथे घालत बसला होता.

आणि शेजारच्या वाफ्यात अंबरीश शाली काढत होता. सत्काराच्या! मंडळाने दिलेल्या, देवळाने दिलेल्या, ज्यांची हृदयं त्याने उसवून पुन्हा शिवली त्यांनी दिलेल्या. ही शेवटची म्हणावं तर तिच्याखालून आणखी एक वर यायची. अख्खी थेम्स झाकली असती आणि वर टॉवर ब्रिजला एक उरली असती.

"अनुराधा म्हणाली, माझ्या साड्यांना कपाटात जागा नाही, घेऊन जा तुझे मानसन्मान," अंबरीश म्हणाला. त्याने टोमॅटोभोवती काड्या रोवल्या, दोन्ही हातांनी शाल पसरून वरून घातली, टोकं समान केली आणि सवयीने उजवीकडे वळून हसला. तिथे नेहमी फोटोवाला असायचा.

शशी बघत राहिला. जन्मभर हेच चाललं होतं. थिएटरमध्ये अंबरीश कापायचा, शशी भूल द्यायचा. शुद्धीवर आलेला पेशंट हात जोडायचा ते अंबरीशला. भूल देणाऱ्याला कोण लक्षात ठेवतो? काही लक्षात राहू नये म्हणूनच तर भूल! शशीच्या खांद्यावर शाल सोडा, कधी कोणी टॉवेल टाकला नव्हता. आणि इथे वांग्याला मिळाली. जिला अजून फूलही धरलं नव्हतं त्या मिरचीला मिळाली.

"दोडक्यालासुद्धा?" शेवटी त्याला राहवलं नाही.

"मानकरी आहे तो आमचा." अंबरीशने दोडक्यावर मोरपंखी पश्मिना चढवली. "तुला देऊ का दोन? तुझ्या दुधीला होतील."

दुधीला! शशीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नको. माझी झाडं काटक आहेत. त्यांना मानपान लागत नाही."

"ते दिसतंच आहे. टोमॅटो चहाला थांबलेत तुझे."

शशीची बायको सुनीती बाकावर थर्मास घेऊन बसली होती. ती म्हणाली, "अहो, घ्या ना. रोपं जातील."

"गेली तर गेली."

अंबरीश हसला आणि रिकामी सूटकेस गाडीत टाकायला फाटकाकडे गेला.

तो झाडीआड झाला मात्र, शशी मधली दोरी ओलांडून पलीकडे. अंबरीशचा दुधी सगळ्यांत जवळ होता. इवलासा, वीतभर, आणि त्याच्यावर जरीकाठी डाळिंबी शाल!

"नुसता हात लावून बघतो," तो सुनीतीला म्हणाला.

हात लागला. मग शाल उचलली गेली. मग ती खांद्यांवर आली. मेली ऊबदारही होती.

तेवढ्यात फाटक कुरकुरलं. या वयात गुडघ्यांना पळणं माहीत नव्हतं, त्यांना फक्त बसणं माहीत होतं. शशी होता तिथेच दुधीवर उकिडवा बसला आणि शाल त्याने डोक्यावरून ओढून घेतली.

अंबरीश आला आणि थबकला. शालीच्या काठाखालून चिखलाने भरलेले दोन गमबूट डोकावत होते.

"वहिनी, मघाशी वीतभर होता हा."

सुनीतीने चहाचा घोट घेतला. "शालीचा गुण, भावजी."

"असतं बुवा. काही काही जण सत्कार झाला की वाढतात."

अंबरीशने चष्मा पुसला. मग दोन्ही हातांनी ती शाल नीट केली, टोकं समान केली, वरून हलकेच थोपटलं आणि सवयीने उजवीकडे वळून हसला. त्यानंतर पाण्याची झारी उचलून शीळ घालत तो निघून गेला.

शीळ ऐकू येईनाशी झाली.

"गेला?" दुधी म्हणाला.

"गेला."

"फोटो काढलास?"

सुनीतीने फोन पुढे केला. शशी गुडघे धरत उठला, शाल पुन्हा काड्यांवर घातली, आत वारा शिरू नये म्हणून काठ मातीत दाबले आणि मग फोन हातात घेतला. फोटो छान आला होता. अंबरीशचे दोन्ही हात, ते हसू, शालीची जर. सत्कारमूर्तीचं तोंड दिसत नव्हतं, पण गमबूट शशीचेच होते, कोणीही ओळखले असते. त्यांच्या मधून दुधीची दोन पानं बाहेर बघत होती.

शशीने दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. मग कडेच्या मोरपंखी रंगापर्यंत सरकवला.

"दोडक्याची शाल जास्त भारी आहे," तो म्हणाला.