गिटारची अट

पाचवी तार ताणताना, तारा अडकतात त्या घोडीपाशी कुठंतरी कट्ट असा आवाज झाला आणि डॉक्टर पारस यांचा हात जागच्या जागी थांबला.

त्यांनी वाकून पाहिलं. फळी फुगली नाही, घोडी उखडली नाही. मग त्यांनी खुंटी आणखी अर्धा वेढा फिरवली. लाकूड जोडणाऱ्या सरसानं ताण धरला होता.

रविवारची सकाळ होती. शाहूपुरीतल्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत गिटार टेबलावर आडवी पडली होती आणि त्यांच्या पत्नी रोहिणीबाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्या हुपरीच्या, चांदीचे पैंजण घडवणाऱ्या घरातल्या. डॉक्टरांना बारीक कानस हवी होती, तीही त्यांच्याच माहेरच्या डब्यातून निघाली होती. आत्ता मात्र कप पुढं करायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

डॉक्टरांना गिटार वाजवता येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. आयुष्य लोकांचे कान बरे करण्यात गेलं, पण गाणं त्यांच्या वाटेला कधी फिरकलं नाही. एकसष्टाव्या वर्षी मोबाइलवरचे व्हिडिओ बघून हा माणूस गिटार करायला बसला, तेव्हा दवाखान्यातल्या नर्स तोंडावर हात ठेवून हसल्या होत्या. डॉक्टरांनी सगळ्यांना छंद म्हणून सांगितलं. ते खोटं होतं.

खरं कारण त्यांच्या उजव्या हातात होतं. मार्चमध्ये एकाचा कान तपासताना चिमट्याचं टोक थरथरलं. पेशंटला कळलं नाही, नर्सलाही कळलं नाही. डॉक्टरांना मात्र कळलं. तेव्हापासून काही ना काही निमित्त काढून ते ऑपरेशनं पुढं ढकलत होते. कुणाला हात दाखवायचा, तर ती बातमी गावभर व्हायला किती वेळ लागतो?

म्हणून त्यांनी स्वतःलाच अट घातली. गिटारच्या पट्टीवर धातूचे पडदे बसवायला वीस खाचा पाडाव्या लागतात. खाच जरा जरी सरकली, तरी सूर बिघडतो. वीसही खाचा नेमक्या पडल्या, तर ऑपरेशन करायचं. एक जरी चुकली, तर थिएटरला कायमचं कुलूप. ही अट त्यांनी रोहिणीबाईंनाही सांगितली नव्हती.

आणि उद्या श्रुतीचं ऑपरेशन होतं. कागलची ही पोरगी बालवाडीत शिकवायची. दोन्ही कान मंदावल्यामुळं तिला मुलांचं बोलणं कळेनासं झालं होतं. उद्या उजवा कान करायचा होता. आतलं तांदळाच्या कणीएवढं हाड काढून त्या जागी दुसरं बसवायचं. तिथं हात चुकला, तर तो कान कायमचा जातो. डॉक्टर आदर्श त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, तो करेल, असं त्यांनी तिला दोनदा सुचवून पाहिलं होतं. पण तिच्या वडिलांचा कान पारस डॉक्टरांनीच बरा केलेला.

"तुमीच करणार असला तर करा, सर," ती म्हणाली होती. "न्हाईतर ऱ्हाऊ दे."

पहिल्याच खाचेला करवत घसरली होती. काळ्या शिसवी पट्टीवर ओरखडा उठलेला बघून डॉक्टर त्या दिवशी न जेवता झोपले. दुसऱ्या संध्याकाळी भिंग लावून पाहिलं, तर खाच सरळ होती. ओरखडा कसला, भुशाची रेघ असणार. भीतीनं माणसाला नाही नाही ते दिसतं, असं म्हणून त्यांनी पुढची खाच हातात घेतली. मनात धाकधूक होतीच. पण महिनाभरानं पट्टी पुरी झाली, तेव्हा ती दिसायला तरी नीट होती. दिसण्यावर मात्र त्यांचा भरवसा नव्हता.

सहावी तार चढली. डॉक्टरांनी मोबाइलवर सूर मोजणारं ॲप उघडलं, सहाही तारा जुळवल्या आणि पहिल्या पडद्यावर बोट ठेवलं. काटा मधोमध येऊन थांबला. दुसरा पडदा, तिसरा पडदा. सहा तारा आणि वीस पडदे म्हणजे एकशेवीस जागा, आणि त्यांना त्यातली एकही सोडायची नव्हती. चहावर साय धरली.

तिसऱ्या तारेवर, बाराव्या पडद्याला काटा डावीकडं गेला.

त्यांनी बोट उचललं, सदऱ्याला पुसलं आणि पुन्हा ठेवलं. मघाशी बोटच नीट दाबलं गेलं नव्हतं. काटा मधोमध आला आणि तिथंच राहिला.

शेवटची तार तपासून झाली, तेव्हा ते खुर्चीत मागं रेलले. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी रोहिणीबाईंना जवळ बसवलं आणि मार्चपासूनचं सगळं सांगून टाकलं. थरथरलेला चिमटा सांगितला, चुकवलेली ऑपरेशनं सांगितली, स्वतःला घातलेली अट सांगितली. इतक्या महिन्यांत ते इतके मोकळे कधी बोलले नव्हते.

"एक बी खाच चुकली न्हाई, रोहिणी," ते म्हणाले. "उद्या श्रुतीचं मीच करतो."

त्यांनी दवाखान्याचा नंबर लावायला घेतला. रोहिणीबाईंनी त्यांच्या हातातून मोबाइल काढून टेबलावर पालथा ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मला वाटलं, नुसता छंद हाय," त्या म्हणाल्या. "पहिली खाच चुकली आणि तुमी जेवला न्हाई, म्हणून रोज दुपारी मी त्या खाचा बुजवून नव्यानं पाडल्या. वीसच्या वीस."