जुना नंबर

महिन्याभरापूर्वी ऑफिसचा सगळा कारभार नव्या सर्व्हरवर हलवला होता, तरी जुन्यावर कुणीतरी रोज येऊन दार वाजवतच होतं. तिने माग काढला. तीन वर्षं न थांबता चाललेला एक प्रोग्रॅम. सुरू होताना त्याने सर्व्हरचा पत्ता एकदा विचारला आणि पाठ करून टाकला. पुढे पत्ता बदलला, पण या पठ्ठ्याने परत विचारलंच नाही.

“रीस्टार्ट कर, येईल ताळ्यावर,” सहकारी म्हणाला. प्रोग्रॅम ताळ्यावर आला. तिने जुना सर्व्हर बंद केला.

घरी बाबा नेहमीसारखे लँडलाइनवरची धूळ पुसत होते. हा फोन काढून टाका, असा तिने कित्येक वर्षं त्यांच्यामागे धोशा लावला होता. आज ती शेजारी बसली.

“बाबा, दादाकडे तुमचा मोबाइल नंबर आहे?”

“तो रागावून घर सोडून गेला तेव्हा मोबाइल कुठे होता माझ्याकडे? लहानपणी हाच नंबर पाठ करून घेतला होता मी त्याच्याकडून. शाळेत जाताना रोज दारात म्हणून दाखवायचा. त्याच्यामागून तू, बोबडं.”

तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला. टोन येत होता. मग रिसीव्हर खाली ठेवला, आणि नीट बसलाय ना, ते पुन्हा एकदा पाहिलं.