हा केना नाही
पालीच्या माळावर संघमित्राला केना या रानभाजीसारखंच, पण बारीक पानांचं निळं रानफूल सापडलं. जिल्ह्याच्या वनस्पतींचं पुस्तक लिहिणारे कॉलेजातले सर हसले. “हा केनाच. दुष्काळानं खुरटलाय.” तिनं ते रोप आणि शेजारी एक केना, अशी दोन्ही रोपं कुंड्यांत लावली आणि सहकारी कारखान्याच्या टँकरमधून वाट्याला आलेलं पाणी दोन्हींना सारखंच घालू लागली. आई भडकली. “माणसाला प्यायला न्हाई, अन् तू गवताला पाजती?” “माझ्या अंघोळीचं हाय, आई. पारोशी ऱ्हाईन.” गल्ली हसली, ती हटली नाही. केना फोफावला, दुसरं रोप तेवढंच पाणी पिऊन बारीकच राहिलं आणि फुललं. केन्याच्या फुलाखालचं द्रोणासारखं पान तळाशी जुळलेलं होतं, दुसऱ्या रोपाचं उघडं. तिनं कुंड्या सरांच्या टेबलावर ठेवल्या. सरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. “पण पुस्तक उद्या छपाईला जातंय.” “न्हाई जाणार, सर,” म्हणत ती खुर्ची ओढून बसली.